खडकवासल्याची वाट

उन्हाळ्याची सुट्टी अर्ध्यावर आली होती. निकाल लागून गेला होता, मामाच्या गावची धमाल संपली होती आणि आजीच्या लोणच्याच्या बरण्यांना दादरेही बांधून झाले होते. दुपारी घराबाहेर पडण्याची सोय नव्हती. अंगण तव्यासारखे तापत असे. अशा दिवसांत मुलांना सर्वांत प्रिय असते ती पहाट. परंतु ती पाहण्यासाठी लवकर उठावे लागते, हीच काय ती अडचण.

शनिवारी संध्याकाळी आजोबा आपली सायकल पुसत बसले होते. सायकल जुनी, काळी, उंच आणि जड होती. तिला ना गिअर, ना रंगीत पट्टे. शेजारी अनिकेतची नवी सायकल उभी होती. सातवीत चांगले गुण मिळाल्याबद्दल त्याला ती मिळाली होती. तिला एकवीस गिअर होते आणि तो ते दिवसातून एकवीस वेळा तरी मोजत असे. त्याची आधीची लहान सायकल आता सईकडे आली होती. सीट दोन बोटे वर चढवली तेव्हा सई तिच्यावर नीट बसू लागली.

"उद्या रविवार," आजोबा चेनवर तेलाचे थेंब सोडीत म्हणाले, "खडकवासल्याला जाऊन येऊ. येता का दोघे?"

"किती वेळात पोहोचू?" अनिकेतने लगेच विचारले.

"पोहोचू तेव्हा पोहोचू."

हे उत्तर अनिकेतला मुळीच आवडले नाही. सईला मात्र फार आवडले, कारण तिने आजवर पर्वतीच्या पायथ्यापलीकडे सायकल नेली नव्हती. जायचे पंधरा किलोमीटर आणि यायचे पंधरा, हा हिशेब तिने मनातल्या मनात तीन वेळा केला आणि तिन्ही वेळा तिच्या पोटात गोळा आला.

त्या रात्री तिन्ही सायकलींची तपासणी झाली. चाकांत हवा भरली, ब्रेक दाबून पाहिले, घंटा वाजवून पाहिल्या. आजोबांनी एका कापडी पिशवीत दोन पाने, टायर काढायच्या पट्ट्या, रबराचे तुकडे, सोल्यूशनची नळी आणि हातपंप भरला. आजीने दशम्या, कैरीची चटणी आणि गूळ-शेंगदाणे बांधून दिले. निघण्यापूर्वी आजोबांनी एकच नियम सांगितला: रस्त्याच्या डाव्या कडेने, एकामागे एक चालायचे आणि जेथे थांबायचे ठरले असेल तेथे थांबायचे.

पहाटे पाच वाजता सहकारनगर अजून झोपेत होते. दूधवाल्यांच्या गाड्या तेवढ्या जाग्या होत्या. दांडेकर पूल ओलांडून तिघे सिंहगड रस्त्याला लागले, तेव्हा पर्वतीचा डोंगर आणि त्यावरील देवालयाची शिखरे मागे काळसर आकाशात रेखल्यासारखी दिसत होती. दिवसा या रस्त्यावर वाहनांची अशी दाटी असते, की पायी चालणाऱ्यालाही अंग चोरावे लागते. या घटकेला मात्र तो रुंद, रिकामा आणि थंडगार होता. वाऱ्याला मोगऱ्याचा वास होता. कोणाच्या तरी गच्चीवरून तो येत असावा.

विठ्ठलवाडीला पहिला मुक्काम झाला. मुठेच्या काठी असलेल्या विठ्ठलाच्या देवळात काकडआरतीची घंटा वाजत होती. पंढरपूरला जाणे ज्यांना शक्य होत नाही, असे कितीतरी पुणेकर आषाढी एकादशीला येथेच येऊन माथा टेकतात. घाटाखालची नदी त्या वेळी बारीक झाली होती आणि तिचे पाणीही काळवंडले होते. शहराचे सांडपाणी पोटात घेऊन वाहणाऱ्या नदीकडे पाहून सईने नाक मुरडले.

"हिला नाक मुरडू नकोस," आजोबा म्हणाले. "आपण पितो ते पाणी हिचेच. वर धरणात ती स्वच्छ आहे. खाली येईपर्यंत तिचे काय झाले, ते आपल्या हातून झाले."

पुढे उजाडत गेले. कोठे गुलमोहर पेटला होता, कोठे बहाव्याचे पिवळे घोस झुंबरांसारखे लोंबत होते. सईने बहावे मोजण्यास प्रारंभ केला आणि सात झाल्यावर तिच्या लक्षात आले, की आपण दमलो आहोत. वाट तर सपाट दिसत होती. मग पाय का भरून यावेत?

वडगावाजवळ रस्त्याच्या डाव्या अंगास कालवा लागला. त्या दिवसांत उन्हाळी आवर्तन सुरू होते आणि काठोकाठ भरलेले पाणी शहराच्या दिशेने निमूटपणे चालले होते. आजोबांनी सायकल थांबवली.

"सई, हे पाणी कोठून येते?"

"धरणातून."

"आणि कोठे जाते?"

"पुण्याला."

"ते पुढे ढकलायला कोठे यंत्र लावलेले दिसते का?"

सईने वाकून पाहिले. यंत्र नव्हते. पाणी आपले आपण चालले होते. ती क्षणभर थांबली आणि मग एकदम म्हणाली, "म्हणजे धरण उंचावर आहे! आपण चढ चढतो आहोत!"

"अगदी बरोबर. डोळ्यांना कळत नाही, पण पाण्याला कळते आणि पायांना कळते. परतताना मात्र हाच रस्ता तुला ढकलीत नेईल."

आजोबा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. मुठा नदीच्या उजव्या तीरावरील हा कालवा खडकवासल्याहून निघतो, पर्वतीच्या पायथ्याने शहरातून जातो आणि पुढे दौंड व इंदापूर तालुक्यांतील शेतांना पाणी देतो. आयुष्यातील कितीतरी वर्षे त्यांनी त्याच्या काठाने सायकल चालवण्यात घालवली होती. कोठे भराव पाझरतो, कोठे उंदीर-घुशी बिळे करतात, कोणत्या मोरीत कचरा अडकतो, हे त्यांना आपल्या घराच्या खोल्यांइतके ठाऊक होते. वयाची पंचाहत्तरी जवळ आली तरी कालवा दिसला, की त्यांची सायकल आपोआप सावकाश होई.

या सावकाशपणाने अनिकेतचा जीव मात्र मेटाकुटीला आला होता. त्याच्या पायांत बळ होते, सायकलीत वेग होता, आणि पुढे आजोबांचे पाठीवर ताठ बसलेले पांढरे सदऱ्याचे टोक! धायरी फाटा गेला. चहाच्या टपऱ्यांवर सायकलस्वारांचे घोळके जमू लागले. चकाकते शिरस्त्राण घातलेली तरुण मंडळी सरसर पुढे निघून जात होती. शेवटी न राहवून तो म्हणाला, "आजोबा, मी थोडा पुढे जाऊ? किरकटवाडीच्या फाट्यावर थांबतो."

आजोबांनी त्याच्याकडे पाहिले. "फाट्यावर थांबायचे."

"हो, नक्की!"

आणि तो सुटला. त्याला सर्वस्वी दोष देणेही कठीण आहे. सकाळची वेळ, मोकळा रस्ता, नवी सायकल आणि तेरा वर्षांचे वय ही चार एकत्र आली म्हणजे वारा कानांत काहीबाही सांगू लागतो. किरकटवाडीचा फाटा आला तो अनिकेतला दिसलाही; परंतु त्याच वेळी पुढे डोंगरांच्या मधोमध चमकणारी पाण्याची एक रेघ दिसली. एवढ्याशासाठी काय थांबायचे, धरणावरच थांबू, असे त्याने मनाला सांगितले. मन असल्या गोष्टी चटकन ऐकते.

थोड्या वेळाने आजोबा आणि सई फाट्यावर पोहोचले. तेथे एक शहाळेवाला होता, दोन कुत्री होती, अनिकेत नव्हता. शहाळेवाल्याने हात करून दाखवले: एक मुलगा मघाशीच सुसाट पुढे गेला.

सईला वाटले, आजोबा रागावतील. ते रागावले नाहीत. ते काही बोललेच नाहीत. परंतु जे आजोबा इतका वेळ रमतगमत चालले होते, ते सीटवरून उठून उभ्याने पायडल मारू लागले. जुनी सायकल कुरकुरली. सईला त्यांना गाठण्यासाठी सर्व बळ एकवटावे लागले; आपण दमलो होतो हेही ती विसरून गेली. खडकवासला गाव मागे पडले, धरणाची दगडी भिंत उजवीकडे आली, पलीकडे विस्तीर्ण जलाशय उघडा झाला. त्याकडे पाहण्यासाठी आजोबा थांबले नाहीत. त्यांचे डोळे काठावरून फिरत होते.

भिंतीपासून काही अंतरावर, रस्त्याच्या खालच्या उतारावर नवी सायकल आडवी पडलेली होती. तिच्याशेजारी बूट आणि बुटांत नीट खोचलेले मोजे होते. त्यापुढे पाण्यापर्यंत भेगाळलेल्या मातीचा रुंद पट्टा पसरला होता. पाण्यापासून दहा-बारा पावलांवर अनिकेत उभा होता. त्याचा एक पाय गुडघ्यापर्यंत आणि दुसरा पोटरीपर्यंत चिखलात गेला होता. तो एक पाय उपसू पाही तेव्हा दुसरा अधिक खोल जाई.

"आजोबा!" त्याचा आवाज अगदी लहान मुलाचा झाला होता.

"हलू नकोस!" आजोबा ओरडले. सईने त्यांना ओरडताना कधीच ऐकले नव्हते. "पाय ओढू नकोस. मागे बस. खाली, चिखलातच बस. हात पसर."

अनिकेतने मागे अंग टाकले. त्याबरोबर त्याचे बुडणे थांबले. उभ्या माणसाचा सगळा भार दोन तळव्यांवर येतो; तोच भार पाठीवर आणि हातांवर पसरला, की मऊ चिखलही तो पेलतो. सई धावणार तोच आजोबांनी तिला मागे सारले आणि वर टणक जमिनीवर उभे राहण्यास सांगितले. कमरेचा पंचा सोडून त्यांनी एका टोकाला गाठ मारली, जेथवर माती घट्ट होती तेथवर ते पालथे सरकत गेले आणि पंचा फेकला. दुसऱ्या खेपेस तो अनिकेतच्या हाती लागला. "आता पाय सावकाश हलव. घाई नको. एक पाय आधी." चुळूक असा आवाज होऊन एक पाय सुटला. मग दुसरा. पाठीवर घसरत, कोपरांनी रेटा देत अनिकेत टणक जमिनीवर आला.

कोणीच काही बोलले नाही. आजोबा खाली बसले आणि पाण्याची बाटली उघडू लागले. त्यांचे हात इतके थरथरत होते, की झाकण सईने काढून दिले.

बऱ्याच वेळाने अनिकेत म्हणाला, "मी फाट्यावर थांबायला हवे होते."

"होय," आजोबा म्हणाले. त्या विषयावर ते एवढेच बोलले.

मग त्यांनी जवळ पडलेली बांबूची एक काठी उचलली. ती सईच्या छातीइतकी उंच होती. कोरड्या काठावरून हात लांबवून त्यांनी ती भेगाळलेल्या मातीत टेकवली आणि नुसती दाबली. वरची पापडी मोडली आणि काठी लोण्यात सुरी जावी तशी आत गेली. वीतभर टोक तेवढे वर राहिले. पावसाळ्यात नद्या डोंगरउतारांवरची माती घेऊन येतात. वाहत्या पाण्याला ती वाहवते. पाणी धरणात येऊन थबकले, की माती खाली बसते. असा वर्षानुवर्षांचा गाळ जलाशयाच्या कडेला साठलेला असतो. उन्हाळ्यात पाणी मागे सरले, की तो उघडा पडतो, त्याची वरची पापडी उन्हाने वाळते आणि पाहणाऱ्याला वाटते, ही घट्ट जमीन. पाण्याखाली तर ती पापडीही नसते. पोहण्यात तरबेज असलेली माणसेही या जलाशयात प्राणास मुकली आहेत. पाण्यात उतरू नये असे फलक येथे उगीच लावलेले नाहीत.

झाडाच्या सावलीत शिदोरी सोडली तेव्हा सूर्य चांगलाच वर आला होता. अनिकेतच्या अंगावरचा चिखल वाळून पांढरा पडला होता आणि तो मातीच्या गणपतीसारखा दिसतो असे सईने सांगितले. तेव्हा कोठे तिघे हसले. आता त्यांना समोरचे दृश्य दिसू लागले. निळसर पाणी डोंगरांच्या कुशीत लांबवर शिरले होते. दक्षिणेला सिंहगड उभा होता आणि त्यावरील दूरदर्शनचा मनोरा सुईसारखा चमकत होता. पलीकडच्या तीरावर राष्ट्रीय संरक्षण अकादमीची झाडी होती. देशाच्या तिन्ही दलांचे भावी अधिकारी तेथे शिकतात आणि याच पाण्यात होड्या चालवण्याचा सराव करतात. उथळ पाण्यात दोन बगळे ध्यान लावून बसले होते. एक टिटवी मात्र, कोणी तिच्या अंड्यांजवळ गेले नसतानाही, सर्व जगावर रागावली होती.

"हे धरण कोणी बांधले?" सईने विचारले.

इंग्रजी अमदानीत, १८६९ साली, फाइफ नावाच्या लष्करी इंजिनिअरच्या योजनेनुसार या दगडी धरणाचे काम सुरू झाले आणि त्यापुढील दशकात ते पुरे झाले. जलाशयाला त्या वेळी फाइफचेच नाव दिलेले होते. पुणे व खडकी येथील छावण्यांना पाणी मिळावे आणि पूर्वेकडील कोरड्या मुलखात शेती पिकावी, हा त्यामागील हेतू होता. पुढे याच धरणावर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी आपली प्रसिद्ध करामत केली. ते तेव्हा मुंबई इलाख्याच्या सेवेत होते आणि त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षणही पुण्यातच झाले होते. भिंत न वाढवता अधिक पाणी साठवायचे कसे, हा प्रश्न होता. त्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरावीक पातळीवर चढले, की दरवाजे आपोआप उघडत. पाणी उतरले, की आपोआप मिटत. १९०३ साली ते येथे बसवले गेले. आजोबा हे सांगत असताना अनिकेत गिअर विसरून ऐकत होता.

"ती मूळची भिंत अजून तशीच आहे?" त्याने विचारले.

आजोबांनी थोडा वेळ उत्तर दिले नाही.

"ती पुन्हा बांधलेली आहे," ते म्हणाले. "मध्ये एकदा ती फुटली."

१९६१ च्या मे महिन्यात, आजोबा दहा वर्षांचे असताना, त्यांच्या वडिलांनी त्यांना सायकलच्या दांडीवर बसवून येथे आणले होते. वडिलांना सगळे अण्णा म्हणत. ते एका छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम करीत. कुटुंब शनिवार पेठेत, नदीपासून दोन गल्ल्यांवर एका वाड्यात राहत असे. या धरणाच्या वर, आंबी नदीवर, त्या वर्षी पानशेतचे मातीचे धरण बांधले जात होते. ते पुरे झालेले नव्हते. पाणी बाहेर सोडण्याची व्यवस्थाही अपुरी होती. तरी त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठले. जुलैमध्ये पावसाने कहर केला आणि मातीचा बांध खचू लागला. लष्कराच्या जवानांनी काळोखात, भर पावसात, वाळूची पोती रचून तो रोखून धरण्याची शिकस्त केली. त्यांनी काही तास मिळवून दिले. १२ जुलैच्या सकाळी पानशेत फुटले, तो लोंढा खडकवासल्यावर येऊन आदळला आणि ही दगडी भिंतही कोसळली.

"लोंढा रात्री आला असता तर?" सईने हळूच विचारले.

"रात्री आला असता, तर मी तुला ही गोष्ट सांगायला बहुधा नसतो. त्या जवानांची नावे मला ठाऊक नाहीत. पण ते काही तास त्यांचे आहेत."

त्या सकाळी पेठेत बातमी पसरली. कोणी विश्वास ठेवला, कोणी हसण्यावारी नेली. अण्णांनी मुलांना आणि त्यांच्या आईला सदाशिव पेठेत नातलगांकडे चालत पाठवले. स्वतः मात्र वाड्यातच थांबले. वाड्यात दोन म्हातारी माणसे होती. एका आजीबाईंना कॅरिअरवर बसवून ते पोहोचवून आले. पुन्हा परतले ते एका आजाऱ्यासाठी. तोवर गल्लीत पाणी शिरले होते. चाके फिरेनात. अण्णांनी सायकल विजेच्या खांबाला टेकवली, आजाऱ्याला पाठुंगळीस घेतले आणि कमरेइतक्या पाण्यातून ते बाहेर पडले. मागे वळून पाहिले तेव्हा सायकलचे हँडल तेवढे दिसत होते.

पाणी ओसरल्यावर वाडा जाग्यावर नव्हता. मातीचे ढीग, तुळया, भांडी आणि एक न विसरता येणारा कुबट वास एवढेच उरले होते. खडकवासल्याचे धरणच गेल्याने पाण्याचे नळही बंद पडले. ज्या शहरात पाण्याने हाहाकार केला, त्याच शहरात घागरभर पाण्यासाठी रांगा लागल्या. लोकांनी बुजत चाललेल्या विहिरी उपसल्या. पेशव्यांच्या काळात कात्रजहून भुयारी मार्गाने आणलेल्या पाण्याचे जुने हौद पुन्हा उपयोगी पडले. घर गेलेल्यांसाठी नंतर नव्या वसाहती उभ्या राहिल्या. आजोबांचे सहकारनगर त्यांतलेच. पुढे खडकवासल्याची भिंत दुरुस्त झाली, पानशेतही पुन्हा बांधले गेले. आज टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या चार धरणांत मिळून सुमारे २९ अब्ज घनफूट पाणी मावते. एक अब्ज घनफूट म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर, हे ऐकून सईने गुणाकार करण्याचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

"आणि अण्णांची सायकल?" अनिकेतने विचारले.

"तिसऱ्या आठवड्यात सापडली. दोन गल्ल्या पलीकडे, पडक्या भिंतीखाली. चाके वाकडी, सीट नाही. दांडा मात्र शाबूत." आजोबांनी शेजारच्या काळ्या सायकलीवर हात ठेवला. "चाके चार वेळा बदलली, चेन किती वेळा ते मोजले नाही, सीट गेल्या वर्षीची. दांडा तोच."

सई उठली आणि त्या दांड्याजवळ गेली. हँडलच्या खाली रंग उडालेल्या जागी एक खोलगट खूण होती. तिने त्यावर बोट फिरवले.

"पण मग ही तीच सायकल आहे की दुसरी?"

"तुला काय वाटते?"

सईला दोन्ही वाटत होते, म्हणून ती गप्प राहिली. हा प्रश्न तिला त्या दिवशी सुटला नाही, आणि मोठ्या माणसांनाही तो सहज सुटतो असे नाही.

परत निघताना डोणज्याकडून आलेल्या बायका रस्त्याकडेला टोपल्या घेऊन बसल्या होत्या. पानांच्या द्रोणांत काळीभोर करवंदे होती. आजीसाठी दोन द्रोण घेतले. एक घरापर्यंत पोहोचणार नाही हे सर्वांनाच ठाऊक होते. वाटेत जल व विद्युत संशोधन केंद्राचे मोठे फाटक लागले. १९१६ साली सुरू झालेल्या या संस्थेत नद्यांच्या, बंदरांच्या आणि धरणांच्या लहान प्रतिकृती करून त्यांत खरे पाणी खेळवतात. खऱ्या धरणात चूक झाली तर काय होते, हे ज्यांनी पाहिले त्यांना अशा खेळाची किंमत सांगावी लागत नाही. अनिकेत फाटकातून आत वाकून पाहत राहिला. पहारेकऱ्याने त्याचे चिखलाने माखलेले कपडे पाहून डोळे बारीक केले.

उतार पायांखाली होता आणि सायकली आपोआप धावत होत्या. पण या वेळी सई पुढे होती, तिच्यामागे अनिकेत आणि शेवटी आजोबा. हे कोणी ठरवले नव्हते. किरकटवाडीच्या फाट्यावर अनिकेतने न सांगता ब्रेक लावला आणि दोघे जवळ येईपर्यंत तो एक पाय टेकून उभा राहिला. शहाळेवाल्याने त्याच्याकडे पाहून मान हलवली. तेथे तिघांनी एकेक शहाळे घेतले.

वडगावाजवळ पुन्हा कालवा आला. कठड्याच्या पुलावरून सईने करवंदांचा रिकामा द्रोण पाण्यावर सोडला. तो क्षणभर गरगर फिरला, सरळ झाला आणि शहराकडे निघाला. कालव्याच्या कडेने काही अंतर कच्ची वाट जात होती. द्रोणाचा वेग चालत्या माणसापेक्षा फारसा अधिक नव्हता. त्याच्या बरोबरीने जाण्यासाठी सायकल इतकी सावकाश चालवावी लागे, की तोल सांभाळणे कठीण. अनिकेतने सर्वांत हलका गिअर लावला. हँडल डावी-उजवीकडे डुलत होते, तरी त्याने पाय टेकला नाही.

"आजोबा, हा द्रोण आपल्या घरापर्यंत जाईल?" सईने विचारले.

"पर्वतीपर्यंत तरी जाईल, मोरीत अडकला नाही तर."

वाट संपून पुन्हा मोठ्या रस्त्याला लागण्याची जागा आली. ऊन चटका देऊ लागले होते. द्रोण वळणाआड दिसेनासा होईपर्यंत तिघेही सायकली धरून तेथे उभे राहिले.